घराबाहेरील लांकडास तेल पाजण्याची रीत

शेतकऱ्याच्या घरीं जमीन, जनावरें आणि धान्य यांची जितकी काळजी घेतली जाते, तितकी लांकडाची घेतली जात नाहीं, असें आमचें अवलोकन आहे. वाड्याचा मुख्य दरवाजा, पडवीचे खांब, ओसरीचा कठडा, माडीच्या खिडक्या, गोठ्याचें फाटक, हें सर्व लांकूड बारा महिने ऊन, पाऊस व वारा सोशीत उभें असतें. आजोबा-पणजोबांनीं घातलेलें पक्कें सागवान आज पदरचे पैसे मोजूनहि सहसा मिळत नाहीं. तें कुजलें म्हणजे घराण्याची एक मिळकतच गेली असें समजावें. असें असतां दारास रंग देणें हें आपण सणावारीं शोभेसाठीं करितों, रक्षणासाठीं करीत नाहीं. या लेखांत घराबाहेरच्या लांकडास आंत मुरणारें तेल कां व कसें द्यावें, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम आमच्या घरचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका कारागिराच्या सल्ल्यावरून वाड्याच्या दरवाजास चकाकणाऱ्या व्हार्निशाचे तीन हात दिले. दोन पावसाळे दार आरशासारखें दिसलें. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या आडव्या पट्टीच्या सांध्याजवळ केसाएवढी भेग दिसूं लागली. तिच्याकडे आम्हीं दुर्लक्ष केलें. पुढल्या वर्षीं दार बसेना म्हणून सुताराला बोलाविलें. त्यानें पटाशीचें टोंक पट्टीस लावतांच तें दोन बोटें आंत शिरलें. वर चकाकी शाबूत आणि आंत भुगा! वरून कीर्तन आंतून तमाशा म्हणतात, त्यांतलाच प्रकार. त्याच सागाचें आमच्या गोठ्याचें फाटक मात्र आजहि ठणठणीत आहे. त्यास आमचे वडील दर दोन वर्षांनीं जवसाच्या तेलांत काव कालवून चोळीत असत, व तोच परिपाठ आम्हीं पुढें चालविला होता. एकाच झाडाच्या जातीचें लांकूड, एकच पाऊस, आणि परिणाम इतका निराळा. याचें कारण समजून घेणें हाच या लेखाचा हेतु होय.

लांकूड बिघडतें कसें

लांकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी आहे. हवेंत ओल वाढली कीं या नळ्यांच्या भिंती ओल शोषून फुगतात आणि उन्हाळ्यांत वाळून आकसतात. हें फुगणें-आकसणें फळीच्या लांबींत जवळजवळ होत नाहीं; तें रुंदींत व जाडींत होतें. त्यांतहि झाडाच्या वर्तुळांच्या दिशेनें जें होतें, तें गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारें दुप्पट असतें. म्हणूनच फळी वांकते, पिळवटते व तडकते. रत्नागिरीकडे वर्षांत सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो. पहिल्या ठिकाणीं लांकूड महिनेच्या महिने फुगलेलें राहतें, दुसऱ्या ठिकाणीं तें भाजून निघतें. दोन्ही हवा लांकडास कठीणच.

दुसरा शत्रु सूर्यप्रकाश. लांकडाचे तंतु एकमेकांस चिकटवून ठेवणारें लिग्निन नांवाचें द्रव्य उन्हांतील अतिनील किरणांनीं पृष्ठभागीं तुटतें, पाऊस तें धुऊन नेतो, आणि लांकूड राखाडी व खरखरीत होतें. एवढ्यावरून लांकूड कुजलें असें मात्र समजूं नये. नुसती ही झीज फार सावकाश चालते. थंड हवेच्या मुलुखांत मऊ लांकडाचा पृष्ठभाग शंभर वर्षांत सुमारें ६ मिलिमीटर झिजतो. खरा घात होतो तो भेगांतून आंत शिरणाऱ्या पाण्यानें. कुजविणाऱ्या बुरशीस वाढण्याकरितां लांकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारें ३० टक्के ओल लागते. ओल २० टक्क्यांच्या खालीं राहिली तर लांकूड सहसा कुजत नाहीं. तेव्हां आपलें काम इतकेंच कीं, पाणी आंत कमी जावें आणि गेलेलें पाणी लवकर बाहेर यावें.

कवच आणि तेल यांतील भेद

व्हार्निश व ऑइलपेंट हीं लांकडावर पापुद्र्यासारखें कवच करितात. नवें असतां तें पाणी चांगलें अडवितें. परंतु खालचें लांकूड फुगतें-आकसतें आणि वरचें कवच उन्हानें दिवसेंदिवस कडक होत जातें. शेवटीं तें सांध्यांवर व फळीच्या टोंकांवर तडकतें. त्या तडींतून पाणी आंत जातें. पण उरलेलें कवच त्यास बाहेर येऊं देत नाहीं. आमच्या दाराचें झालें तें हेंच. शिवाय बिनरंगाच्या व्हार्निशांतून सूर्यकिरण आरपार जाऊन खालचे तंतु सैल करितात, व मग पापुद्रे आपोआप सुटूं लागतात. नवीन हात द्यावयाचा तर सर्व जुनें खरवडावें लागतें. त्या कष्टामुळें काम लांबणीवर पडतें आणि लांकूड जातें.

आंत मुरणारें तेल वर कवच करीत नाहीं. तें तंतूंत शिरून तेथेंच घट्ट होतें, पाण्याची आंत येण्याची गति कमी करितें आणि लांकडास वाळूं देतें. तें सोलून निघत नाहीं, तर हळूहळू झिजतें. तें झिजलें कीं दार धुऊन, वाळवून नवा हात द्यावा. खरवडण्याचें काम नाहीं. तेल वरचेवर द्यावें लागतें हा त्याचा दोष खरा. पण हा दोष डोळ्यांस दिसणारा आहे, व्हार्निशाचा दोष आंत लपणारा आहे.

देवदाराचा धडा

ही गोष्ट सीडर जातीच्या लांकडाच्या अनुभवानें चांगली सिद्ध झाली आहे. आपल्याकडे हिमालयांत होणारा देवदार हा खरा सीडर. त्याच्या गाभ्यांत सुगंधी तेल असल्यानें तो कुजीस व किडीस दाद देत नाहीं, आणि काश्मीरांतील घरनौका देवदाराच्याच बांधीत आले आहेत. अमेरिकेंत ज्यास वेस्टर्न रेड सीडर म्हणतात, तें झाड वनस्पतिशास्त्राप्रमाणें निराळ्या कुळींतलें, पण त्याचा गाभाहि तसाच टिकाऊ असतो. तेथें घरांच्या बाहेरच्या भिंतींस याच्या फळ्या मारतात. हिवाळ्यांत तापविलेल्या घरांतली ओल भिंतींतून बाहेर पडूं लागली कीं, फळ्यांवरचा रंग फोड येऊन सुटे.

विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन येथें १९१० सालीं लांकडाच्या अभ्यासासाठीं सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. तिनें १९५० नंतरच्या दशकांत सीडरच्या फळ्यांसाठीं मुरणाऱ्या तेलाचें एक मिश्रण प्रसिद्ध केलें. त्यांत जवसाचें तेल, थोडें मेण, मातीचे तांबूस-तपकिरी रंग आणि बुरशी मारणारें पेंटाक्लोरोफेनॉल हीं मुख्य द्रव्यें होतीं. यांतलें शेवटचें द्रव्य माणसांस व जनावरांस घातक असल्याचें पुढें ठरलें, आणि भारतांत त्यावर बंदी आहे. तेव्हां जुन्या पुस्तकांत ही कृति कोणास सांपडली तरी ती जशीच्या तशी करूं नये. तिच्यांतील तत्त्व मात्र खरें ठरलें: तेल आंत मुरावें, आणि त्यांत मातीचा रंग असावा. काव आणि गेरू यांचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडाचा आहे, व तो सूर्यकिरण अडवितो. आमच्या वडिलांच्या तेलांतली काव केवळ शोभेची नव्हती, हें आम्हांस फार उशीरां कळलें.

टिकाऊपणा गाभ्यांत असतो, बाहेरच्या पांढऱ्या लांकडांत नसतो, हेंहि येथें लक्षांत ठेवावें. देवदार असो कीं साग असो, फळीच्या कडेस फिकट पट्टा असेल तर कुजण्यास व वाळवीस प्रथम तोच बळी पडतो.

कोणतें तेल घ्यावें

वाळणारें तेल हवें. खोबरेल, करडई, शेंगदाणा हीं खाण्याचीं तेलें या कामास घेऊं नयेत. तीं एकतर वाळत नाहींत किंवा फार काळ चिकट राहून धूळ धरितात. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, म्हणून तें उत्तम. विदर्भ-मराठवाड्यांत जवस पिकविणाऱ्यांस तें घरचेंच आहे. मात्र घाण्याचें कच्चें तेल वाळण्यास कित्येक दिवस घेतें. दुकानांत ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलांत वाळविणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. बाहेरच्या लांकडास तें घ्यावें. घरीं चुलीवर तेल उकळूं नये. त्यानें आगीचें भय असतें व इच्छित गुणहि येत नाहीं. पूर्वीं त्यांत मुरदाडशिंग घालीत. तें शिशापासून झालेलें विष आहे. तें मुळींच वापरूं नये.

पहिल्या हातास दोन भाग तेल व एक भाग टर्पेंटाइन घ्यावें, म्हणजे तेल पातळ होऊन खोल जातें. दुसऱ्या हातास टर्पेंटाइन निम्म्यानें कमी करावें. दर लिटरास सुमारें ५० ग्रॅम तांबड्या ऑक्साइडाची बारीक वस्त्रगाळ पूड आम्ही घालतों आणि काम चालू असतां वरचेवर ढवळतों. लोखंडास लावण्याचा रेड ऑक्साइड प्रायमर तो हा नव्हे. त्याचें कवच होतें. रंगाचें प्रमाण प्रथम टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावें.

कोंकणांतील दमट हवेंत नुसत्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी चढते, कारण तें तिचें खाद्यच आहे. तेथें बाहेरील लांकडासाठीं तयार मिळणारें, बुरशीनाशक घातलेलें, रंगीत मुरणारें तेल घेणें बरें. डब्यावर ‘पेनिट्रेटिंग’ व ‘एक्स्टीरियर’ हे शब्द आहेत कीं नाहींत तें वाचून घ्यावें. काजूच्या टरफलांचें तेल किनाऱ्यावरील लोक होड्यांस पूर्वापार लावीत आले आहेत, आणि कीड दूर ठेवण्यास तें चांगलें. परंतु तें अंगास लागल्यास फोड येतात व लांकूड काळें पडतें. हातमोजे घालून, वाशांच्या टोंकांसारख्या हात न लागणाऱ्या जागींच तें वापरावें.

इंजिनांतून काढलेलें जळकें ऑइल फुकट मिळतें म्हणून पुष्कळजण दारांस व खांबांस फासतात. आमचें त्यांस निक्षून सांगणें आहे कीं, हें करूं नये. तें वाळत नाहीं, पावसानें निथळून जमिनींत व विहिरीकडे जातें, त्यांत धातूंचे विषारी अंश असतात, आणि गोठ्यांतील जनावर खांब चाटल्यावांचून राहत नाहीं.

वेळ व पूर्वतयारी

पाऊस तोंडावर आला असतां तेलाचा डबा आणणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. पावसाळा संपल्यावर लांकूड आंतून वाळण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर करावयाचें तर पहिल्या पावसापूर्वीं निदान तीन कोरडे आठवडे हातीं असावेत. भर उन्हांत तापलेल्या फळीस तेल लावूं नये. तें मुरण्यापूर्वींच वर वाळतें. दंव उडून गेल्यावर, सांवलींत काम करावें.

प्रथम जुनें व्हार्निश किंवा रंग असेल तर तो पुरा काढावा. कवचाखालीं तेल जात नाहीं. राखाडी झालेलें लांकूड काथ्याच्या कुंच्यानें, पाण्यांत थोडा धुण्याचा सोडा घालून घासावें, स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि वाळूं द्यावें. मग ६० ते ८० नंबरच्या काचकागदानें तंतूंच्या दिशेनें घासावें. फार गुळगुळीत करूं नये. किंचित् खरखरीत लांकूड तेल अधिक पितें. परीक्षा सोपी आहे. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावे. ते एक-दोन मिनिटांत मुरले तर लांकूड तेल घेईल. मोत्यासारखे राहिले तर जुनें तेल अद्याप काम करीत आहे, नवें देण्याची घाई नको. नव्या सागांत स्वतःचेंच तेल असतें, म्हणून तो थोडें पितो. त्यास हात पातळ द्यावा.

तेल देण्याची कृति

कामास आरंभ फळीच्या टोंकांपासून करावा. तेथें नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात आणि पाणी तेथून फळीच्या पाठीपेक्षां कितीतरी पट वेगानें चढतें. दाराची खालची कड, खांबाचा बूड, वाशांचीं बाहेर आलेलीं टोंकें, सांधे व खिळ्यांचीं भोंकें यांस तेल पिणें थांबेपर्यंत तीन-चार वेळां द्यावें. दाराची खालची कड कोणास दिसत नाहीं म्हणून कोणी तिला रंग देत नाहीं. आमचें दार तेथूनच गेलें. शक्य तर दार बिजागरीवरून उतरवूनच काम करावें.

नंतर रुंद ब्रशानें तंतूंच्या दिशेनें एकेक फळी आरंभापासून शेवटपर्यंत पुरी करावी. मध्येंच थांबल्यास डाग दिसतो. पंधरा-वीस मिनिटें थांबून जें तेल मुरलें नाहीं तें सर्व फडक्यानें पुसून काढावें. ही पायरी गाळूं नये. वर राहिलेलें तेल चिकट पापुद्रा होतें, म्हणजे जें टाळावयाचें तेंच घडतें. दोन-तीन दिवसांनीं दुसरा हात द्यावा. एका लिटरांत रंधलेल्या लांकडाचा सुमारें १० चौरस मीटर भाग होतो. खरखरीत लांकडास दुप्पट किंवा त्याहून अधिक तेल लागतें.

बाभूळ, ऐन यांसारख्या तुरट द्रव्य असलेल्या लांकडांत साधे लोखंडी खिळे मारूं नयेत. हिरडा व हिराकस यांची काळी शाई ज्या कारणानें होते, त्याच कारणानें ओल्या खिळ्याभोंवतीं काळे ओघळ येतात. जस्त चढविलेले किंवा पितळी खिळे घ्यावे.

चिंध्यांपासून आगीचें भय

आतां सांगतों ती गोष्ट या लेखांत सर्वांत महत्त्वाची. जवसाचें तेल वाळतांना उष्णता सोडतें. फळीवर ती हवेंत निघून जाते. परंतु तेलानें भिजलेल्या चिंध्यांच्या बोळ्यांत ती कोंडते, आणि कोणी काडी न लावतां चिंध्या पेट घेतात. एकदां आमच्या गड्यानें असा बोळा कडब्याच्या गंजीजवळ ठेविला होता. संध्याकाळीं जळका वास आला म्हणून पाहतों तों बोळा हातीं धरवेना इतका तापलेला व मध्यें तपकिरी पडलेला! आणखी थोडा वेळ गेला असता तर वर्षाचा चारा, आणि कदाचित् गोठाहि, गेला असता. म्हणून काम संपतांच चिंध्या पाण्याच्या बादलींत बुडवाव्या, किंवा मोकळ्या जागीं एकेक सुटी पसरून पुऱ्या कडक होईपर्यंत वाळवाव्या. त्या घडी करून, पोत्यांत भरून किंवा गोठ्यांत कधींहि ठेवूं नयेत. तेल व टर्पेंटाइन यांजवळ विडी ओढूं नये.

तेलाच्या मर्यादा

तेल म्हणजे अमृत नव्हे. जमिनींत पुरलेल्या खांबास तें वांचवीत नाहीं. तो मातीच्या पातळीवर कुजतोच, आणि वाळवीहि तेलास जुमानीत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं खांब दगडी तळखड्यावर उभा केला आणि पागोळी भिंतीपासून दूर पडावी म्हणून वळचण लांब काढली, ती हें जाणूनच. आमच्या फाटकाच्या बाबतींतहि सर्व श्रेय तेलास देणें न्यायाचें होणार नाहीं. त्याचा उंबरठा दगडी आहे आणि खालची कड जमिनीपासून चार बोटें वर आहे. म्हणून प्रथम पाणी दूर करावें, मग तेल द्यावें. कुजलेला भाग तेलानें बरा होत नाहीं. तो कापून काढून नवा तुकडा बसवावा. ज्या गव्हाणींत जनावरें खातात तिला हें औषधी तेल लावूं नये.

पुन्हा केव्हां द्यावें

दक्षिणेच्या व पश्चिमेच्या बाजूस ऊन व झड दोन्ही अधिक लागतात. तेथें एक-दोन वर्षांनीं एक हात द्यावा. वळचणीखालच्या सांवलींतल्या लांकडास तीन-चार वर्षें चालतात. पण वर्षें मोजण्यापेक्षां दर दिवाळीनंतर पाण्याच्या थेंबांची परीक्षा घ्यावी, व त्याच दिवशीं सर्व सांधे आणि खालच्या कडा पटाशीच्या टोंकानें हलकेच टोंचून पाहाव्या. या कामास अर्धा तास पुरे होतो. आम्हीं तो अर्धा तास तीन वर्षें दिला नाहीं, म्हणून आमच्या आजोबांच्या हातच्या दारास आज खालीं नव्या लांकडाची जोडपट्टी आहे. ती जोड रोज उंबरठा ओलांडतांना दिसते. आमच्या वाचकांवर तशी जोड पाहण्याची वेळ न यावी, एवढ्यासाठींच हें लिहिलें आहे.